चार मजले, वीस टॉवेल

हॉटेलात चार मजले होते आणि प्रत्येक मजल्याला एक बाई होती. चौघींना आईबापांनी चांगली नावं ठेवली होती, पण चार नावं लक्षात ठेवणं मॅनेजरला आपल्या हुद्द्याला शोभत नाही असं वाटायचं. म्हणून तो त्यांना पहिली, दुसरी, तिसरी आणि चौथी म्हणायचा. ऐकणाऱ्याला वाटावं राजाच्या राण्याच मोजतोय. या राण्या रोज दहा दहा संडास घासत, वीस वीस चादरी बदलत आणि मागच्या जिन्यात बसून डबा खात.

तिसरी सगळ्यांत जुनी. थोरल्या मालकांच्या वेळेपासूनची. एवढ्या वर्षांत तिनं मोरीच्या जाळीत अडकलेल्या अंगठ्या, गादीखाली विसरलेली पाकिटं आणि एकदा तर दातांची अख्खी कवळी खाली काउंटरवर नेऊन दिली होती. कवळीवाल्यानं फोनवरून आभार मानले होते, ते काही तिला नीट कळले नाहीत. पण ती आपलं काम जाणून होती. लोकांच्या सामानात एकटीनं वावरायचं काम आहे हे. एकदा कुणी नुसतं ‘चोर’ म्हणालं की त्या बाईच्या हातात पुन्हा कुठलंही हॉटेल किल्ली देत नाही.

चोरी होत नव्हती असं नाही. रोज होत होती, आणि करणारे पाहुणेच होते. घरी जो माणूस शेजाऱ्याची वाटी भरून परत करतो, तोच हॉटेलात उतरला की पांढरा टॉवेल बघून त्याची नियत फिरते. हे असं का होतं ते तिसरीला शेवटपर्यंत उमगलं नाही. गरीब पाहुणा फार तर साबणाची वडी न्यायचा. टॉवेल न्यायचे ते ज्यांच्या बुटांत तिचा दोन महिन्यांचा पगार मावला असता ते. तेही बॅगेत तळाला, घडी घालून.

थोरले मालक होते तोवर टॉवेल गेला की ते दोन शिव्या घालायचे आणि नवा आणायचे. मग ते गेले आणि मुलगा गादीवर आला. मुलगा आधी कुठल्याशा तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आला होता आणि तिथून ‘जबाबदारी’ हा एकच शब्द घेऊन आला होता. शिबिराची फी त्याला वसूल करायची असावी. त्यानं चौघींना उभं करून सांगितलं की मजला तुमचा, तर मजल्यावरची वस्तूही तुमची. गेली तर तुम्ही भरायची. त्या महिन्यापासून पगाराच्या चिठ्ठीवर एक नवा रकाना आला. त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, ‘टॉवेल’. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथं संन्याशाकडून दोरखंडाचे पैसेही घेत होते.

हेही चौघींनी सोसलं असतं. जे सोसवेना ते वेगळंच होतं. प्रत्येक मजल्याला चाळीस मोठे टॉवेल ठरलेले. दहा खोल्यांत दोन दोन मिळून वीस आणि जिन्याजवळच्या कपाटात वीस. खोलीतला गेला की बाई कपाटातून काढून खोलीत ठेवी, म्हणून तूट दिसायची ती कपाटात. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मॅनेजर रजिस्टर घेऊन कपाटातले टॉवेल मोजी. खोल्यांतले तो धरूनच चाले, कारण पाहुण्याचं दार वाजवून ‘आमचा टॉवेल आहे का’ असं विचारायला छाती लागते. पहिल्या महिन्यात तिसरीचे दोन कमी भरले. दोनांचे पैसे कापले. दुसऱ्या महिन्यात एकही गेला नाही, तरी पुन्हा दोन कमी भरले आणि पुन्हा दोनांचे पैसे कापले. कारण पहिल्या दोनांच्या जागी कुणी नवे आणलेच नव्हते.

तिसरीनं मॅनेजरला विचारलं, की आम्ही भरलेल्या पैशांचे टॉवेल कुठं आहेत. मॅनेजरनं रजिस्टरवरून मान वर न काढता सांगितलं, “तुम्ही भरलेत ते मागच्या महिन्याचे. हे या महिन्याचे.”

“पण साहेब, गेलेत तेच दोन.”

“मग तेच या महिन्यातही नाहीत ना?” मॅनेजर म्हणाला. दोन वर्षं हे चाललं. एकदा गेलेला टॉवेल महिन्या-महिन्याला नव्यानं जात राहिला आणि चौघी त्याचे पैसे भरत राहिल्या. मेलेल्याचं श्राद्धसुद्धा वर्षातून एकदाच असतं.

तेव्हा तिसरीच्या डोक्यात ती युक्ती आली. मॅनेजर अंगानं भरलेला. मोजणी तळापासून सुरू करायचा आणि प्रत्येक मजल्यावर सही झाली की लिफ्टसमोरच्या खुर्चीत बसून चहा घ्यायचा. तो चहा सात मिनिटांचा होता, हे तिसरीनं भिंतीवरच्या घड्याळात पाहून ठेवलं होतं. त्या सात मिनिटांत पहिलीच्या कपाटातले मोजून झालेले वीस टॉवेल मळक्या कपड्यांच्या पिशवीतून मागच्या जिन्यानं दुसरीच्या कपाटात जात. मॅनेजर दुसऱ्या मजल्यावर आला की वीस. मग चहा. मग तेच वीस तिसऱ्यावर. मग चौथ्यावर. तेच टॉवेल चार वेळा मोजले जात आणि रजिस्टरात चार वेळा ‘बरोबर’ असं लिहिलं जाई.

अळीमिळी गुपचिळी. चार वर्षं गेली. रकाना रिकामा राहू लागला. मॅनेजरला ‘शून्य तूट’ म्हणून दर वर्षी अर्धा पगार जादा मिळू लागला आणि तो आपण फार करडे आहोत असं समजून मिशीला पीळ देऊ लागला. मालक तर इतर हॉटेलवाल्यांना बोलावून सांगत, की माणसावर जबाबदारी टाकली की माणूस सुधारतो, आमच्या बायकाच बघा. चौघी तेव्हा खाली मान घालून उभ्या असत. हसू आवरणं हेही त्यांच्या कामातच धरलं होतं.

पाहुणे आपले इमानेइतबारे टॉवेल नेतच होते. एकशे साठाचे एकशे चौदा झाले. निम्म्या खोल्या रिकाम्या असायच्या म्हणून भागत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढ्यावर हॉटेल चाललं होतं.

मग मालकांनी विमा एजंटांचा मेळावा घेतला. ऐंशी माणसं, चाळीसच्या चाळीस खोल्या, तीन दिवस. हॉटेलाच्या जन्मात पहिल्यांदा सगळ्या खोल्या भरणार होत्या. तिसरीला हे दोन दिवस आधी कळलं आणि तिनं बोटांवर हिशेब मांडला. पहिल्या दिवशी ऐंशी टॉवेल खोल्यांत जातील. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐंशी ताजे लागतील आणि चारही कपाटांत मिळून चौतीस. धोबी धुतलेले कपडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणायचा, तो म्हणाला सकाळी आणायला माझं काय विमान आहे का. ती मॅनेजरकडे गेली, जरा भीतभीतच म्हणाली, की मेळाव्यापुरते पन्नास टॉवेल भाड्यानं आणले तर बरं होईल. मॅनेजरनं रजिस्टर उघडून तिच्यासमोर धरलं. “एकशे साठ आहेत. तुमच्यासमोर मोजलेत. वाचता येतं ना?”

वाचता येत होतं. म्हणूनच ती आल्या पावली परत फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला हॉटेलातल्या सगळ्या घंट्या एकदम वाजायला लागल्या. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी चौतीस टॉवेल संपवले, बाकीचे सेहेचाळीस विमा एजंट ओलेते. एक गृहस्थ चादर गुंडाळून लिफ्टनं थेट खाली आले आणि काउंटरवर ठिबकत उभे राहिले. दुसऱ्या एकानं खिडकीच्या पडद्यानं अंग पुसलं, तो पडदा नुसता भिजून थांबला नाही, दांडीसकट खाली आला. मेळाव्याचा विषय होता ‘संकटाची पूर्वतयारी’. मालक प्रत्येकाची माफी मागत मजले चढत होते आणि उतरत होते. एरवी चार पायऱ्या चढायची त्यांना सवय नव्हती.

मेळावा कसाबसा पार पडला आणि त्याच दुपारी चौघींना मालकांच्या खोलीत बोलावणं आलं. मॅनेजर रजिस्टर पोटाशी धरून उभा होता. त्याचं म्हणणं सोपं होतं. चार दिवसांपूर्वी, महिनाअखेरीला एकशे साठ होते, ही माझी सही. आज एकशे चौदा आहेत. म्हणजे चार दिवसांत सेहेचाळीस गेले. टॉवेल कमी पडले तेव्हा मेळाव्याचा एकही पाहुणा हॉटेल सोडून गेला नव्हता, मग नेले कुणी?

मालकांनी टेबलावरून एक कागद पुढे सरकवला. त्यावर टाइप केलं होतं, की आम्ही चौघींनी मिळून सेहेचाळीस टॉवेल नेले, आणि त्यांची किंमत पुढचे दहा महिने आमच्या पगारातून कापायला आमची संमती आहे. मालक म्हणाले की सही केलीत तर मी विषय इथंच संपवीन, मला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. नाही केलीत तर परवा पोलीस. असं बोलताना त्यांचा चेहरा अगदी दयाळू झाला होता, जणू दहा महिन्यांचं दान करायला निघालेत.

चौथी वयानं सगळ्यांत लहान. तिनं पेन उचललं. तिसरीनं ते तिच्या हातातून काढून घेतलं, टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं. मग ती मालकांना म्हणाली, की परवापर्यंतचा वेळ दिलाय ना, मग परवा सांगतो.

घरी तिच्या एकटीच्या पगारावर चूल होती. नवऱ्याचा छापखाना बंद पडून वर्ष झालं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, की सही करून टाक, दहा महिने काढू कसेतरी, पोलीस दारात नकोत. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. तिसरीलाही क्षणभर वाटलं, की यात काय मोठं आहे, आजवर कमी का भरलेत. मग सासूबाई बोलल्या. त्या कोपऱ्यात बसून भाजी निवडत होत्या आणि एरवी सुनेची बाजू घ्यायची त्यांना सवय नव्हती.

“त्या कागदावर ‘नेले’ लिहिलंय की ‘हरवले’?”

“नेले.”

“मग सही करू नकोस,” सासूबाई म्हणाल्या. “पैसे भरून माणूस मोकळा होतो. ‘नेले’ लिहून दिलं की मरेपर्यंत मोकळी व्हायची नाहीस. आणि उद्या लोक माझ्या अंगावरचं पातळसुद्धा उलटून बघतील, हॉटेलाचं आहे का म्हणून.”

सही नाही केली तर चोरी आपली नाही हे तिसरीला सांगावं लागणार. आणि ते सांगायचं तर चार वर्षांची लबाडी आपल्याच तोंडानं सांगावी लागणार. पाहुण्यांची चोरी लपवायला तिनंच हात दिला होता, आणि आता तोच हात धरला गेला होता. तिला मालकांचा राग होता, पण त्याहून जास्त स्वतःच्या हुशारीचा होता.

सकाळी चौघी कामगार अधिकाऱ्याच्या कचेरीत गेल्या. तिसरीच्या हातात उशीचा एक जुना अभ्रा होता आणि त्यात चौघींच्या सहा वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या. अधिकारी सुकलेला, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला माणूस होता. त्यानं आधी जरा कंटाळूनच ऐकलं. पण ती वीस टॉवेलांच्या जिन्यावरच्या वाटचालीपर्यंत आली तेव्हा त्यानं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. तिनं एक अक्षर लपवलं नाही. युक्ती माझी, असंही सांगितलं. बाकीच्या तिघी तिच्याकडे बघत राहिल्या.

अधिकारी म्हणाला की तुम्ही लबाडी केलीत, तिचं मी कौतुक करणार नाही. तिसरी म्हणाली की करूही नका. मग त्यानं चिठ्ठ्या पसरल्या आणि ‘टॉवेल’ या रकान्याखालचे आकडे शिपायाकडून उतरवून घेतले.

परवाचा दिवस उजाडला, पण पोलीस आले नाहीत, कारण मालकांनाच कचेरीत यावं लागलं. ते मॅनेजरला घेऊन आले, मॅनेजर रजिस्टरला घेऊन आला. मालकांनी आल्या आल्या बायकांनी स्वतःच फसवणूक कबूल केल्याचं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. चोराच्या उलट्या बोंबा, असं काहीसं ते पुटपुटले. अधिकाऱ्यानं त्यांना बोलू दिलं. मग मॅनेजरला विचारलं, की रजिस्टर खरं आहे का. मॅनेजर म्हणाला, शंभर टक्के.

“मग चार दिवसांत चार बायकांनी सेहेचाळीस टॉवेल नेले. दारावरचा रखवालदार रोज संध्याकाळी यांच्या पिशव्या तपासतो?”

“तपासतो ना. शिस्त आहे आमची,” मॅनेजर छाती पुढे काढून म्हणाला.

“त्याला एकही सापडला नाही?”

मॅनेजरची छाती मागे गेली. अधिकारी म्हणाला की आता दोनच गोष्टी शक्य आहेत. एक तर तुमचा रखवालदार आंधळा आहे. नाहीतर तुम्ही अठ्ठेचाळीस महिने एकच गठ्ठा चार चार वेळा मोजलात आणि खाली सही करून जादा पगार घेतलात. कुठलं लिहू? मॅनेजरनं मालकांकडे पाहिलं. मालक मॅनेजरकडे असं बघत होते, की त्याचं नाव त्यांना आजच पहिल्यांदा कळलं असावं.

मग अधिकाऱ्यानं शिपायानं काढलेला कागद पुढे ओढला. पहिल्या दोन वर्षांत या चौघींच्या पगारातून एकाहत्तर टॉवेलांचे पैसे कापलेत, असं त्यानं वाचून दाखवलं. हॉटेलात कमी आहेत सेहेचाळीस. “तुम्ही कापलेत एकाहत्तरांचे. त्यांतले आणले किती?”

मालकांना हा प्रश्न कुणी कधी विचारलाच नव्हता. ते म्हणाले की तसं सांगता येणार नाही, ती रक्कम सर्वसाधारण खर्चात जाते.

“आकडा सांगा.”

“तसे... नाही आणले.”

तिसरीला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. तिला फक्त स्वच्छ दिसलं, की तिची युक्ती, तिची धावाधाव, जिन्यावरची ती पिशवी, हे सगळं फुकट होतं. या माणसानं चौघींनी भरलेल्या पैशांतून टॉवेल आणले असते तर कपाटं ओसंडून वाहिली असती. इतकी वर्षं ती ज्याला कडक समजत होती तो नुसता कोता होता.

अधिकाऱ्यानं सांगितलं ते असं. पाहुण्यानं नेलं तर पाहुण्याकडून घ्या, नाहीतर स्वतः सोसा, धंदा तुमचा आहे. बाईच्या पगाराला त्यासाठी हात लावायचा नाही. लावायचा असेल तर तिचा स्वतःचा दोष लेखी दाखवायचा आणि तिचं म्हणणं आधी ऐकायचं. एकाहत्तरांचे पैसे परत करायचे. मालकांनी सोबत आणलेला तो टाइप केलेला कागद त्यानं स्वतःच्या हातानं फाडला.

मालक मात्र कच्चे नव्हते. ते म्हणाले, ठीक आहे, पण मग पाहुणा खोली सोडताना बाईनं तपासून तिथल्या तिथं खाली कळवलं पाहिजे. पाहिलं आणि सांगितलं नाही तर तो तिचा दोष. अधिकाऱ्याला यात काही गैर दिसलं नाही. मालक चौघींकडे बघून समाधानानं हसले. बड्या पाहुण्याला तोंडावर चोर म्हणायची हिंमत या बायकांत येणार नाही आणि पगाराची वाट पुन्हा मोकळी होईल, हा हिशेब त्यांच्या कपाळावरच लिहिलेला होता. तिसरीनं तो वाचला.

तीन आठवड्यांनी तिसऱ्या मजल्यावर एक ठेकेदार उतरला. वर्षातून तीनदा यायचा, आपली माणसं आणून दहा दहा खोल्या घ्यायचा. मालक त्याच्यासाठी स्वतः काउंटरवर उभे राहायचे. या वेळी त्याच्या दोन खोल्या होत्या, एक त्याची आणि एक त्याच्या मुनीमाची. तो खाली उतरल्यावर तिसरीनं दोन्ही खोल्या पाहिल्या. चार टॉवेल ठेवले होते. एकही नव्हता. ओली मोरी, कोरडी खुंटी.

मग तिनं फोन उचलला आणि खाली सांगितलं, की दोन खोल्यांत मिळून चार टॉवेल कमी आहेत, पाहुणे अजून दारातच असतील. आणि ती जिन्यानं खाली आली. सांगून लपायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

काउंटरवर सगळे जमले होते. ठेकेदाराची बॅग इतकी फुगली होती की तिची चेन शेवटची चार बोटं लागत नव्हती आणि तिथून पांढरी किनार बाहेर डोकावत होती. ती मालकांना दिसत होती, मॅनेजरला दिसत होती, रखवालदारालाही दिसत होती. ठेकेदार मात्र मजेत होता.

“तुमच्या बाईंना माझी बॅग उघडून बघायचीय वाटतं,” तो मालकांना म्हणाला. “बघू द्या की. पुढच्या महिन्यात माझी चाळीस माणसं यायचीयत, त्यांच्याही बघा. ती इथं उतरली तर.”

मालक हसले. तिसरीनं त्यांना पगार कापताना पाहिलं होतं, पोलिसांची भीती घालताना पाहिलं होतं, पण असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले छे छे, काहीतरी गैरसमज झाला असेल, सगळं आपलंच आहे. मग त्यांनी मॅनेजरला आतून दोन टॉवेल आणायला सांगितले. कचेरीच्या धाकानं नुकतेच आणलेले, कोरे, कागदात गुंडाळलेले. ते त्यांनी दोन्ही हातांनी ठेकेदारापुढे धरले. “वहिनींना द्या. आमच्याकडून भेट.”

बॅगेत जागा नव्हती, म्हणून ठेकेदारानं ते काखेत मारले. बॅग मालकांनी स्वतः उचलली. रखवालदार पुढे झाला तर त्यांनी त्याला बाजूला सारलं आणि वाकून, एका खांद्यावर कलून, ती गाडीपर्यंत नेली. चोराची पाठराखण ऐकली होती, चोराची हमाली तिसरी पहिल्यांदाच बघत होती. सहा वर्षं तिला वाटत होतं की मालकांना टॉवेलांची चिंता आहे. टॉवेलांचं काही नव्हतं. ज्याच्यापुढे तोंड उघडता येत नाही त्याची चोरी, ज्याला तोंड उघडता येत नाही त्याच्याकडून वसूल करायची, एवढीच ती जबाबदारी होती.

तिनं मॅनेजरकडे रजिस्टर मागितलं. मॅनेजरनं विचारलं कशाला.

“लिहा,” ती म्हणाली. “चार टॉवेल पाहुण्यांनी नेले. बाईनं वेळेवर सांगितलं. दोन मालकांनी दिले.”

कचेरीतून आल्यापासून मॅनेजर लिहा म्हटलेलं लिहायला लागला होता. त्यानं लिहिलं. तेवढ्यात मालक हात झटकत आत आले. श्वास लागला होता. त्यांनी रजिस्टरावरच्या तीन ओळी वाचल्या आणि त्यांचा चेहरा आंबट झाला.

“हे असं कशाला लिहायचं? नुसतं ‘तूट, सहा’ लिहा.”

“तूट कुणाची ते विचारतील साहेब,” तिसरी म्हणाली. “आमची म्हणून सांगू का?”

दारातून ठेकेदाराची गाडी वळण घेताना दिसत होती. काउंटरवरची पोरगी, रखवालदार, मागच्या जिन्यात येऊन उभी राहिलेली चौथी, सगळे मालकांकडे बघत होते. मालकांनी इकडे तिकडे पाहिलं, पण त्यांच्या वतीनं बोलणारं तिथं कुणी नव्हतं. शेवटी त्यांनी मॅनेजरच्या हातातलं पेन घेतलं आणि ‘दोन मालकांनी दिले’ याच्यासमोर सही केली. ओझं वाहून त्यांचा हात भरून आला होता, त्यामुळे ती जरा वेडीवाकडीच आली.

तिसरीनं सही वाकून नीट वाचली. मग ती वर गेली, कारण ठेकेदाराच्या दोन्ही खोल्यांचे संडास अजून घासायचे राहिले होते.